विजयदुर्ग आधी पाण्यातून बघा

विजयदुर्गला गेलात की सगळे तुम्हाला थेट किल्ल्यावर पाठवतील. जा, नक्की जा. पण आधी होडी ठरवून वाघोटन खाडीत एक चक्कर मारा. भाडं आधीच ठरवा आणि भरतीची वेळ विचारून घ्या.

मी बंगळुरूहून रात्रीच्या बसने कोल्हापूर आणि तिथून गगनबावडा, तळेरे करत पोहोचले. सोबत शहात्तर वर्षांची आजी. पाठ माझी मोडली, आजी ठणठणीत!

किल्ल्याला वळसा घालून होडी खाडीत शिरली की लाटा एकदम शांत होतात. खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा बांध नाही, त्यामुळे भर पावसाळ्यातही जहाजांना इथे आसरा मिळायचा. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, पुढे आंग्र्यांचं आरमार इथेच नांदलं. १७५६ मध्ये तो जिंकायला इंग्रजांनी समुद्रातून वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह, असे दोघे पाठवले होते.

खाडीत आणखी आत आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्ती सुरू. ना पंप, ना मोटर. मला तर किल्ल्यापेक्षा ही गोदीच जास्त आवडली. (फोटोत मात्र नुसते दगड दिसतात.)

आजीने गोदीकडे धड पाहिलंही नाही. तिला धक्का बघायचा होता. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईची आगबोट हीच कोकणची एसटी होती. आजी नऊ वर्षांची असताना तिचे वडील, आप्पा, इथूनच गिरणीत कामाला गेले. शिमग्याला येतो म्हणाले होते. आलं ते पत्र, परक्या अक्षरातलं. तिचं माहेर गिर्ये इथून हाकेच्या अंतरावर, तरी त्यानंतर ती धक्क्यावर फिरकली नव्हती.

परतताना तिने होडीवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं. धक्क्यावर काही मुलं गळ टाकून बसली होती. आजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"आप्पांना आम्ही एवढेसे दिसलो असू?"

मला काही बोलता येईना. होडीवालाही गप्प होता. मग आजीनेच पदर सारखा केला आणि त्याला विचारलं, "काय रे बाबा, आज सुरमई कशी दिली?"