मेंढरं आडवी येतात तेव्हा

दिवाळी उरकली की फलटण, माण, खटावकडच्या रस्त्यांवर एक वेगळंच ट्रॅफिक सुरू होतं. वळण घेतलं की समोर अख्खा रस्ता काळा-पांढरा आणि हलणारा. दोन-तीनशे मेंढरं, काठी घेतलेले दोघं-तिघं मेंढपाळ, एखादं कुत्रं. गाड्यांमधून हॉर्न सुरू होतात. "काय कटकट आहे!" हे वाक्य तर हमखास ऐकू येतं.

पण या कटकटीचं टाईमटेबल बघा, थक्क व्हायला होतं. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. पावसाळ्यात माळावर गवत असतं, ते दिवाळीपर्यंत संपतं. त्याच सुमारास घाटाखाली कोकणात भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात. म्हणून धनगरांचे वाडे (वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा तांडा) घाट उतरतात. कोकणात पाऊस कोसळायच्या आत परत वर येतात, कारण सततच्या ओलीत मेंढ्यांची खुरं कुजतात. बायामाणसं घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे जातात. भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यावर. मेंढरं पोचेपर्यंत मुक्कामावर चूल पेटलेली असते.

आणि हे फुकट चरणं नव्हे बरं का. रात्री शेतात वाघर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण करून, मेंढरं बसवतात. लेंड्या आणि मुताने रान खतावतं. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आता फारसा भाव नाही, त्यामुळे कोकरं विकणं आणि रान खतवणं यावरच घर चालतं.

गेल्या नोव्हेंबरात शिरवळहून भोरकडे जाताना असाच एक कळप लागला. मी गाडी बंद करून खाली उतरलो.

"मामा, कुठवर जायचं?"

"वरंध्यानं खाली, म्हाडाकडं. दर सालचं हाय. तितलं शेतकरी वाट बघत्यात."

"किती दिवसांत पोचता?"

"मेंढरं म्हनतील तवा!" मामा हसले. मग म्हणाले, "आदी कडंनं गवात आसायचं बगा. चरत चरत जायाचो. आता कडाच ऱ्हायली न्हाई, उपाशी पळवावी लागत्यात."

तेवढ्यात मागच्या एका गाडीला धीर धरवला नाही. हॉर्न दाबून धरत ती सरळ कळपात घुसली. मेंढरं फुटली. निम्मी चारीत, निम्मी समोरच्या ट्रकपुढे. ट्रकवाला शहाणा, आधीच थांबला होता. एका कोकराचा पाय मात्र चाकाखाली आला. गाडी थांबली नाही. मामांनी फेट्याची चिंधी फाडली, दोन काटक्या लावून पाय बांधला आणि कोकरू खांद्यावर घेतलं. त्याची आई ओरडत मागे फिरली, तिच्यामागे अजून वीस-पंचवीस. त्या गाडीने वाचवलेल्या दोन मिनिटांपायी बाकी सगळ्यांचा अर्धा तास गेला.

मामांचं "कडाच ऱ्हायली न्हाई" हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्यासाठी रस्ता म्हणजे दोन गावांमधलं अंतर. त्यांच्यासाठी तेच कुरण होतं. रुंदीकरणात कडेचं गवत गेलं, हायवेवर दुभाजक आले, पाण्याखाली आलेल्या रानात बारमाही ऊस उभा राहिला. म्हणजे मेंढरं आपल्या रस्त्यात आली असं आपण म्हणतो, पण खरं तर आपला रस्ता त्यांच्या ताटात आला.

यावर जगात कुणी विचारच केला नाही असं नाही. स्पेनमध्ये मेंढ्यांच्या जुन्या वाटांना 1995 च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि त्या हक्काची आठवण म्हणून 1994 पासून माद्रिद शहराच्या मधोमध मेंढ्यांचे कळप नेण्याचा सोहळा होतो. आपल्याकडेही 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, पण तो जंगलापुरता. डांबरी रस्ता आणि मुक्कामाचं रान त्यात येत नाही. 2026 हे साल संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. रस्त्याचं टेंडर काढताना कडेला दहा-बारा फूट मातीची पट्टी सोडली, तर तेवढ्यानेही बरंच काही होईल.

असो. पट्टी येईल तेव्हा येईल. तोवर कळप दिसला की गाडी बाजूला घ्या, हॉर्न अजिबात वाजवू नका आणि मधून घुसू नका. मेंढपाळ स्वतःच काठीने वाट करून देतो. दोन-चार मिनिटं जातात फक्त. ती पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला जातातच की.