कलादिग्दर्शकाची फी

कलादिग्दर्शकाचा मोबदला शहरागणिक बदलतो, अनुभवागणिकही बदलतो. पण मुंबईत या दोन्हींच्या आधी एक प्रश्न येतो: काम फीवर आहे की ठेक्यावर? फीवर असेल तर सेटचा खर्च निर्माता करतो आणि कलादिग्दर्शकाला ठरलेले पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात. ठेक्यात एकच रक्कम हाती येते. प्लाय, रंग, मोल्डिंग, भाड्याची प्रॉपर्टी, सुतार-रंगाऱ्यांची मजुरी सगळे त्यातूनच भागवायचे. उरेल ती कमाई. मालिका आणि लहान बजेटचे चित्रपट बहुधा ठेक्यावर चालतात. त्यामुळे अमक्याला किती मिळतात, याचे खरे उत्तर सेट मोडेपर्यंत त्या अमक्यालाही ठाऊक नसते.

स्टुडिओंच्या काळात हा घोळ नव्हता. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा तिचे कलादिग्दर्शक फत्तेलाल हे कंपनीचे भागीदारच होते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या या माणसाने १९३६चा ‘संत तुकाराम’ कंपनीतले दुसरे भागीदार दामले यांच्याबरोबर दिग्दर्शितही केला. सुतार-रंगारी पगारावर असत आणि सेटचा खर्च कंपनीच्या वहीत पडे. पुढे स्टुडिओ मोडत गेले, प्रत्येक चित्रपट हा सुटा व्यवहार झाला आणि कलादिग्दर्शकही सुटा झाला.

आज मुंबईत मोठी रक्कम हिंदी चित्रपटात आहे, आणि दिवसाच्या हिशेबाने पाहिले तर जाहिरातपटात. म्हणून पुष्कळ जण जाहिरातींवर घर चालवतात आणि चित्रपटावर नाव कमावतात. मराठी चित्रपटाचे बजेटच लहान, त्यात कलाविभागाचा वाटा आणखी लहान. तोच माणूस गोरेगावच्या त्याच चित्रनगरीत मराठी सेट लावायला उभा राहतो तेव्हा हिंदीतल्या दराचा विषयही काढत नाही. भारतात प्रदेश म्हणजे खरे तर भाषेचा बाजार. तेलुगूत त्या बाजाराने सेटलाच नायकाच्या शेजारी बसवले: ‘बाहुबली’साठी साबू सिरिल यांनी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत कथेतली माहिष्मती नगरी उभारली. प्रेक्षक सेट पाहायला येऊ लागला की तो लावणाऱ्याची फीही चढते.

कोल्हापूर-साताऱ्याकडे मालिका गेल्या त्या खऱ्या वाड्यांसाठी आणि कमी खर्चासाठी. तिथल्या सहायकाला स्थानिक म्हणून कमी दर सांगतात; मुंबईहून गेलेल्याला मुंबईचा दर, वर राहण्या-जेवणाची सोय. एकाच वाड्याच्या अंगणात दोन दर, आणि वाड्याची माहिती पहिल्याला जास्त.

अमेरिकेत निदान आकडा छापलेला सापडतो. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२३साठी कलादिग्दर्शकांचे मध्यक वार्षिक वेतन १,०६,५०० डॉलर दिले आहे. मात्र त्यात जाहिरातसंस्था आणि नियतकालिकांतले कलादिग्दर्शकही येतात, तेव्हा तो सेटवाल्यांचा आकडा समजू नये. हॉलिवूडमध्ये चित्रपट-मालिकांसाठी आर्ट डायरेक्टर्स गिल्ड किमान दर ठरवून घेते. अनुभवाची घासाघीस त्या किमानाच्या वर होते. मुंबईतही कलादिग्दर्शकांची संघटना आहे, पण फी समोरासमोर बसूनच ठरते.

अनुभवाचे मोल ठरवताना गाडे अडते ते इथे. नवखा चारही भिंती उभारतो. मुरलेला दिग्दर्शकाकडून कॅमेरा कुठे फिरणार ते काढून घेतो, तीन भिंती लावतो आणि चौथीचे पैसे वाचवतो. न बांधलेली भिंत हाच त्याचा अनुभव, आणि तिचे बिल लावता येत नाही. फीवर असेल तर वाचलेले पैसे निर्मात्याचे. ठेक्यावर असेल तर त्याचे, पण एकदाच. पुढच्या चित्रपटाला निर्माता म्हणतो, मागच्या वेळी एवढ्यात झाले होते. म्हणजे जितके कसब वाढावे तितका स्वतःचा ठेका स्वतःच्याच हाताने खाली आणावा. यावर तोड म्हणून खर्च फुगवून दाखवणारेही आहेत आणि धंद्यात टिकतात तेच जास्त. त्यांच्या सेटवर प्लाय उत्तम असतो, फक्त त्या घरात कुणी राहत असेल असे वाटत नाही.

शिडी सगळ्यांना ठाऊक आहे: सहायक, असोसिएट, मग स्वतंत्र. कमाई मात्र त्या शिडीने सरळ चढत नाही. मोठ्या हिंदी चित्रपटातला पक्का असोसिएट लहान चित्रपटातल्या नव्या कलादिग्दर्शकापेक्षा जास्त मिळवतो आणि पहिल्या स्वतंत्र कामाला घरचे पैसे घालणारेही भेटतात. त्यात नावाचा मोह. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे पद १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’साठी विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांना मिळाले, तसे श्रेय पडद्यावर लागावे म्हणून इथे फी उतरवलेली माणसे थोडी नाहीत, आणि ती हे अभिमानाने सांगतात.

उतारवयात आणखी एक पेच पडतो. पूर्वी पेन्सिलीने काढलेला सेटचा देखावा निर्मात्यापुढे ठेवला की बोलणे संपे. आता तरुण सहायक संगणकावर सेट चहूबाजूंनी फिरवून दाखवतो. हात कापू लागला तरी काम अडत नाही, हे खरे. पण बैठकीत निर्मात्याच्या डोळ्यांत भरतो तो सहायक, आणि पुढचे काम त्यालाच निम्म्या पैशांत विचारले जाते. तोही ‘हो’ म्हणतो. कोणती भिंत बांधायची नाही हे त्याला अजून कळायचे असते, त्यामुळे निर्मात्याची बचत सेटच्या खर्चात निघून जाते. हा हिशेब कोणी मांडत नाही.

मालिकांचे पैसे ९० दिवसांनी देण्याची रीत पडली आहे. सुतार तेवढा थांबत नाही, म्हणून ठेकेदार कलादिग्दर्शक तीन महिने स्वतःचे किंवा उसने पैसे वाहिनीच्या सेटवर फिरवतो. त्याचे व्याजही त्याच उरलेल्या रकमेतून जाते. ठेका घेणाऱ्यांनी निदान एवढे करावे: अंदाजपत्रकात स्वतःच्या फीची ओळ वेगळी आणि प्लायच्या वर लिहावी, आणि घासाघीस सुरू झाली की ती ओळ सोडून खालच्या ओळींवर बोलावे.