कॅमेरा चोरीला जातो तेव्हा

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, ठाण्याच्या घरी चहा पिताना, सवयीने मोबाइलवर गावचं अंगण उघडलं तर चौकोन करडा. खाली लिहिलेलं 'ऑफलाइन'. कोकणात पावसाळ्यात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. चहा संपवून ऑफिसला गेलो. दुपारी आईचाच फोन आला.

"अरे, तुझा तो डोळा गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे नाही तिथे. नुसती वायर लोंबत्ये."

पहिला संशय माकडांवर. आमच्याकडे कौलं फुटली, शहाळी पडली, वाळत घातलेलं धोतर पोफळीवर गेलं, सगळ्याला तेच जबाबदार. पण आईने शेजारच्या मुलीकडून वायरचा फोटो काढून पाठवला. टोक सरळ कापलेलं होतं. माकडं पक्कड घेऊन फिरायला लागली असतील तर गोष्ट वेगळी.

बाबा गेल्यावर मी तो कॅमेरा पडवीच्या खांबावर लावला होता. बावीसशे रुपयांचा. त्याच्या टप्प्यात वृंदावन, अर्धं अंगण आणि गडग्यापलीकडची पाखाडी येई. आई एकटी, मी सात-आठ तासांवर. लावताना तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

कॅमेरा गेला की काय करायचं असतं हे मी त्या संध्याकाळी शिकलो, आणि थोडं उलट क्रमाने. आधी रिकाम्या चौकोनाचा राग येऊन तो ॲपमधून काढून टाकायला निघालो होतो. बोट वेळेत थांबलं. असे बरेच कॅमेरे मालकाच्या खात्याशी बांधलेले असतात. आपण आपल्या हाताने नोंद पुसली की चोराला तो स्वतःच्या नावावर लावून घ्यायला मोकळं रान. त्यामुळे चौकोन तसाच ठेवला. मग खात्याचा पासवर्ड बदलला, दुसऱ्या फोनांवरून लॉगआउट केलं. घरच्या वायफायचा पासवर्ड कॅमेऱ्याच्या पोटात असतो, म्हणून तोही बदलायचा. शेजारच्या मुलीला फोनवर एकेक बटण सांगत राउटरचं ते काम उरकलं. खोकं सापडलं, त्यावर सीरियल नंबर होता. मोबाइल हरवला तर सरकारी पोर्टलवर आयएमईआय नंबर देऊन तो बंद करता येतो, तशी सोय मला कॅमेऱ्यासाठी सापडली नाही. नंबर उपयोगी पडतो तो फक्त माल मिळालाच तर आपला म्हणून ओळखायला.

चोराचं चित्रण? ते कॅमेऱ्यातल्याच कार्डावर. ऑनलाइन साठवणुकीचे महिन्याला पैसे पडतात, ते मी वाचवले होते. हालचालीच्या सूचना झावळी हलली तरी टुणकन वाजायच्या म्हणून त्याही कधीच मुक्या केलेल्या. ॲपच्या यादीत रात्री २ वाजून १० मिनिटांचा नखाएवढा एक फोटो तेवढा सापडला. पांढुरका, धूसर, बहुधा तळहात.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या कार्डाचा विचार सुरू झाला, आणि मग झोप नाही. त्यात साधारण दहा दिवसांची माझी आई होती. कार्डाला कुलूप नव्हतं, कुठल्याही कॉम्प्युटरला लावा आणि बघा. न्हाऊन केस सुकवत बसलेली, कामवालीचे पैसे मोजून देणारी, दुपारी पडवीतच पंचा डोक्याखाली घेऊन लवंडलेली. आणि बाहेर जाताना घराची किल्ली वृंदावनामागच्या फुटक्या कुंडीखाली ठेवणारी. घर राखायला ठेवलेल्या वस्तूने घराची सगळी दिनचर्या नीट तारीखवार लिहून ठेवली होती. कुलूप बदलायला हवं होतं, आणि ते काही फोनवरून होणारं नव्हतं.

रात्रीची तुतारी पकडून सकाळी संगमेश्वरला उतरलो.

पोलीस ठाण्यातले हवालदार सभ्य होते. किंमत विचारली, मी बिल पुढे केलं. ते म्हणाले, "साहेब, हे पाच हजारांच्या आत आहे." १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांहून कमी किमतीच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे : गुन्हेगार पहिल्यांदाच सापडलेला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. राहत्या घरातल्या चोरीचं कलम वेगळं, ३०५, आणि ते कडक. मग पडवी म्हणजे घर की अंगण, यावर आमची दहा मिनिटं गेली. आमच्या पडवीला दोन बाजूंना भिंत नाही. शेवटी हवालदारांनी पेन टेबलावर ठेवून मुद्द्याचं विचारलं :

"कुणाशी काही वाद? संशय?"

आणि मी गप्प बसलो, कारण संशय होता. गाडीत रात्रभर तोच होता.

वरच्या घरात माझा चुलतभाऊ राहतो. त्याचा मुलगा तेवीस वर्षांचा, कधी काम असतं, कधी नसतं. ऑगस्टमध्ये एका रात्री एकच्या सुमारास तो दोन मित्रांबरोबर पाखाडीवरून येताना मला कॅमेऱ्यात दिसला होता. चाल सरळ नव्हती. मी ती क्लिप त्याच्या वडलांना पाठवली. 'सहज, काळजी वाटली म्हणून.' मुलाने मार खाल्ला, असं नंतर कानावर आलं. आता खरं सांगायचं तर त्यात काळजी फारशी नव्हती. ठाण्यात बसून गावातलं कुणाचं तरी बिंग दिसलं, याची ती गंमत होती.

"विचार करून सांगतो," म्हणालो आणि घरी आलो.

आई मागच्या दारी नारळ सोलून घेत होती. मी मुलाचं नाव काढलं मात्र, ती म्हणाली, "त्याचं नाव द्यायचं नाही."

"पण त्यानेच नेला असेल तर?"

"नेला असेल. रात्री मला काही झालं तर तू येणार आहेस की तो?"

मी म्हटलं, "निदान कॅमेऱ्यामुळे तुझ्याकडे लक्ष तरी राहायचं." ती काही बोलली नाही. बोलल्या त्या वहिनी, संध्याकाळी, दूध घेऊन आल्यावर. श्रावणात आईला चार दिवस ताप होता. त्यांच्या मुलानेच रिक्षा मागच्या बाजूला लावून तिला डॉक्टरकडे नेलं, दोनदा. "पण दिवेलागणीला मात्र उठायच्याच," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, काकू, तुळशीला दिवा मी लावते. तर म्हणे, नको, मी अंगणात दिसले नाही तर तो घाबरेल."

मला ते दिवस आठवले. म्हणजे ताप नाही, दिवे आठवले. ऑफिसातून निघताना बघत असे : आई आली, दिवा लावला, हात जोडले, आत गेली. ठीक आहे. आणि ठीक आहे म्हणून त्या आठवड्यात मी फोन केला नव्हता. एरवीही तिची निवडण-टिपण, पुस्तक, दुपारची पोथी हळूहळू मागच्या दारी गेली होती, जिथे डोळा पोचत नसे. हे मला घर फिरून बघितल्यावर कळलं. खुर्चीसुद्धा तिकडेच होती. समोर ती फक्त दिसायला येत असे, सकाळी सातला आणि सांजेला, हजेरी लावल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं, किल्लीची जागाही. ठाण्यात जाऊन तक्रार पुरी केली. संशयित : अज्ञात. हवालदारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

दिवाळीत नवा कॅमेरा घेऊन गेलो. या वेळी आईला विचारलं. बराच वेळ नारळाच्या शेंड्या उपसत राहिली, मग म्हणाली, "लाव हवं तर. पण बेड्याकडे तोंड करून. पाखाडीवर नको, लोकांची येजा असते. आणि फोन करत जा, ते काय नुसतं बघायचं."

शिडी वरच्या घरात होती. ती घेऊन मुलगाच आला. कॅमेऱ्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. क्लिपबद्दल चुकलं एवढं म्हणालो, त्याने "असू दे काका" म्हणून शिडी खांबाला टेकवली. मी चढलो, जुन्याच भोकांशी स्क्रू धरला.

खालून तो म्हणाला, "काका, थोडा वर घ्या. तिथे हात पोचतो."