आरएक्सचं पेट्रोल का सांडतं?

अंबाजोगाई, रविवार. आरएक्स १०० आज पुन्हा ओव्हरफ्लो मारायला लागली. कॉक उघडला की नळीतून पेट्रोलची धार. प्लग काढला तर काळा, ओलाचिंब.

९८ सीसीची, टू-स्ट्रोक, ११ अश्वशक्तीची ही मोटरसायकल १९९६ मध्ये बनायची बंद झाली. तरी मांजरसुंब्याचा घाट ती अजून ज्या आवेशात चढते, तो मला नव्या गाड्यांत सापडत नाही. म्हणून तिचं दुखणं मी स्वतःच बघतो.

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि निडलला दाबून वाट बंद करतो. टाकीतल्या गंजाचा एक कण निडलखाली अडकला, तरी वाट उघडीच राहते. वाटी भरून वाहते, जास्तीचं पेट्रोल इंजिनात शिरतं आणि ठिणगी विझते. आधी कॉक बंद. प्लग काढून मोकळ्या किका, म्हणजे आतलं पेट्रोल उडून जातं. मग वाटी उघडायची. निडलच्या टोकाला झिजून खाच पडली असेल तर पुसून भागत नाही, नवीच टाकावी. फ्लोट कानाशी हलवायचा. आत खळखळलं तर तो फुटलेला.

आज तळाशी तांबूस गाळ निघाला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुन्या टाकीला गंज चढवतं, जुनं रबर फुगवतं. यातलं काही इथेनॉल उसातून येतं आणि तो ऊस तोडायला आमच्याच जिल्ह्यातली माणसं दरवर्षी घरदार सोडून जातात. गाळ पुसताना ती डोळ्यांपुढे आली.

टाकी आतून धुवायला हवी. फिल्टरही आणायचाय.