वेलांटीची मात्रा

वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना सातबाराचा उतारा म्हणजे काय हे सांगायला नको. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला हा एक कागद. पण त्यात आजोबांचा घाम, केळीची बाग आणि भावाभावांतले जुने तंटे असे सारेच नांदत असते. पूर्वी तलाठी तो हाताने लिहून देत. त्यासाठी खेपा घालाव्या लागत, क्वचित 'चहापाणी'ही करावे लागे. म्हणून २०१८ पासून हाच उतारा डिजिटल सहीनिशी घरबसल्या मिळू लागला, तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला.

तो फार काळ टिकला नाही. वाडीतला एक तुकडा आमच्या अविवाहित बहिणीच्या नावे करावा, अशी मातोश्रींची इच्छा होती. हस्तलिखित उताऱ्यावर त्यांचे आडनाव 'लोपीस' होते, आधारपत्रावरही तेच. संगणकात मात्र ते 'लोपेस' झाले होते. कोणा नकलनवीसाच्या हातून वेलांटीची मात्रा झाली आणि आमच्या मातोश्री स्वतःच्याच वाडीत परक्या ठरल्या. आम्ही बाप्तिस्म्याचा दाखला पुढे केला. त्यावरील नाव रोमन लिपीत. ते कोणी 'लोपीस' वाचावे, कोणी 'लोपेस'!

"आजी, संगणक पुढे जाऊच देत नाही," कारकून म्हणाला. तो उर्मट नव्हता, हतबल होता.

"त्याला मी दिसत नसेन बाबा, पण तुला तर दिसते ना?" मातोश्रींनी विचारले. त्यावर तो खाली पाहू लागला.

लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. आम्ही अर्ज केला, प्रतिज्ञापत्र जोडले, हेलपाटे घातले. दुरुस्तीचा आदेश हाती आला तो मातोश्रींच्या महिन्याच्या मिस्सेनंतर. आम्हां भावंडांना त्यांचा शब्द पुरेसा होता. प्रत्येक घरी तसे असेलच असे नाही.

यंत्र नको, असे आम्ही म्हणणार नाही. जुना तलाठीही चुकत असे. परंतु त्याला आमचे घर ठाऊक होते आणि चूक दाखवायला समोर एक माणूस होता. नव्या व्यवस्थेत चूक क्षणात होते, ती निस्तरायला मात्र वर्ष लागते. वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच उताऱ्यावरचे नाव एकदा अक्षर न् अक्षर वाचून पाहा.