कुवेत ते मुंबई : एका कागदावरचा प्रवास

मुंबईहून कुवेतला विमानाने जायचे तर सारे मिळून चार तासांचा प्रवास. पण १९९० साली त्याच कुवेतहून मुंबईला पोचायला आम्हाला तेरा दिवस लागले. वाटेत इराक लागला, जॉर्डन लागले, आणि दोन देशांच्या मधली, कोणाचीच नसलेली वाळूही लागली. ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की आमच्यातल्या सुतारमामांचा नातू नुकताच आखातात कामाला निघाला. आम्ही जुने सोबती त्याला निरोप द्यायला जमलो होतो. सहज विचारले, "बाळा, तिकडे पासपोर्ट कोणाकडे राहणार?"

"कंपनी ठेवून घेते म्हणतात," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. सगळ्यांना एकाच बाईची आठवण झाली.

आम्ही पाच जण कुवेत शहराच्या फरवानिया भागात एका खोलीत राहत होतो. दोन सुतार, एक फिटर, एक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी. कोणी वरळीच्या चाळीतला, कोणी उल्हासनगरचा, कोणी सातारा-नाशिककडचा. खोलीत पाच पलंग, एक टेबलपंखा आणि खिडकीत एक जुना कूलर. उन्हाळ्यात बाहेर पारा पन्नाशीला टेकायचा. टाकीचे पाणी इतके तापायचे की सकाळची बादली रात्रीच भरून ठेवावी लागे. तरी आम्ही खूश होतो. तेव्हा एका दिनाराचे साठ रुपयांच्या आसपास होत. त्यातून कोणी बहिणीचे लग्न केले होते, तर कोणी घरावर पत्र्याऐवजी स्लॅब घातला होता. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी मटण शिजायचे आणि घरची पत्रे मोठ्याने वाचली जायची.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचे रणगाडे कुवेतमध्ये घुसले. दुपारपर्यंत रस्ते त्यांच्या ताब्यात गेले. परदेशचे टेलिफोन बंद पडले. बँका बंद झाल्या. त्या वेळी कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. ज्याच्या जोरावर घर सोडले, तो पैसा एका दिवसात कागद झाला.

तिसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर एका बाईंना घेऊन आला. त्या मुंबईच्याच. ड्रायव्हर जिथे कामाला होता त्याच्या शेजारच्या बंगल्यात त्या घरकाम करीत. मालक मंडळी सुट्टीसाठी परदेशी गेलेली, घरात या एकट्या. आम्ही त्यांना ताई म्हणू लागलो. वरच्या मजल्यावर केरळच्या दोन नर्स राहत होत्या, त्यांनी ताईंना आपल्या खोलीत घेतले.

ताईंच्या पिशवीत दोन लुगडी, मुलीचे एक पत्र आणि थोडे दिनार होते. पासपोर्ट नव्हता. तो मालकाच्या लोखंडी कपाटात. आल्या दिवशीच काढून घेतला होता, "हरवशील" म्हणून.

आमचा फिटर म्हणाला, "चला ताई, कपाट फोडून देतो. दहा मिनिटांचं काम आहे."

ताई म्हणाल्या, "नको भाऊ. पासपोर्ट माझा असला तरी कपाट दुसऱ्याचं आहे. उद्या चोर म्हणतील."

दोन दिवसांनी आम्हीच आग्रह करून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. बंगल्याच्या फाटकावर सैनिक उभे होते. आम्ही मागे फिरलो.

मग भारतीय वकिलातीकडे धाव घेतली. आम्हा कामगारांच्या तोंडी तिचे नाव एम्बसी. खरे सांगायचे तर तोवर आमच्यापैकी कोणी त्या दारात कधी गेले नव्हते. पासपोर्टाची मुदत संपली, कोणाचे प्रेत गावी पाठवायचे झाले, तरच माणूस तिकडे जातो. साहेबलोकांचे ठिकाण, आपले तिथे काय, असेच वाटे. त्या ऑगस्टमध्ये कळले की परक्या मुलखात कामगाराला आपली म्हणावी अशी ती एकच भिंत असते. दारापुढे माणसांचा समुद्र होता. ज्यांचे पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत अडकले, ते हजारोंनी होते. अशांना वकिलात तात्पुरता प्रवासाचा दाखला देते. त्यावर नाव, गाव, फोटो आणि शिक्का. तो घेऊन माणूस एकदाच आणि फक्त मायदेशी येऊ शकतो. पण दाखला देण्याआधी हा माणूस आपल्याच देशाचा आहे याची खात्री करावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

ताई आणि आम्ही आळीपाळीने रांगेत उभे राहत होतो. दुसरीकडे एका भारतीय शाळेत आपल्याच लोकांनी नावे नोंदवायचे काम सुरू केले होते. कुवेतमधल्या भारतीयांनी जी समिती उभी केली, तिच्यात मॅथुनी मॅथ्यूज, हरभजन सिंग वेदी असे पुढारी होते. पुढे २०१६ साली 'एअरलिफ्ट' नावाचा सिनेमा आला. त्यात एकच नायक सगळ्यांना सोडवतो. आम्ही पाहिले ते निराळे. नावे लिहिणारे मास्तर, बस ठरवणारे व्यापारी, रांगेला पाणी देणाऱ्या बाया, रात्रभर दाखले लिहिणारे वकिलातीचे कारकून, असे शेकडो हात त्याला लागले होते.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. त्यानंतर ते कुवेतलाही आले. सद्दामशी झालेल्या त्या गळाभेटीवर पुढे पुष्कळ टीका झाली. आम्हाला मात्र एवढे ठाऊक आहे, की इंग्रज आणि अमेरिकन लोकांना इराकने ओलीस धरले असताना, "हिंदी" म्हटल्यावर चौकीवरचा सैनिक आम्हाला हाताने पुढे जा म्हणत होता.

एवढ्यात नवी आफत आली. इराकने जाहीर केले, कुवेत नावाचा देश आता उरला नाही, तो आमचा प्रांत आहे. म्हणून इथल्या सर्व वकिलाती २४ ऑगस्टपर्यंत बंद करा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १८ ऑगस्टला ६६४ क्रमांकाचा ठराव करून हा हुकूम मागे घ्यायला सांगितले, पण इराकने ऐकले नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या वकिलातींनी दार बंद करायला नकार दिला. त्यांचे पाणी आणि वीज तोडली गेली, तरी त्यांचे राजदूत डिसेंबरपर्यंत आत टिकून राहिले. भारताने आपली वकिलात इराकमधल्या बसरा शहरात हलवली, कारण लाखभर माणसे बाहेर काढायची तर इराकशी बोलणे चालू ठेवणे भागच होते.

आमच्या रांगेचा नंबर यायच्या आत ती तारीख आली. त्या रात्री खोलीत वाद झाला. आम्हा पाचांपैकी चौघांचे पासपोर्ट हातात होते, पाचव्याने पहिल्याच आठवड्यात दाखला मिळवला होता. समितीच्या बसमध्ये जागा होती. पण बिनकागदाची बाई बरोबर घेतली आणि जॉर्डनच्या हद्दीवर अडवली, तर तिला वाळवंटात एकटी सोडायची काय?

ताई म्हणाल्या, "तुम्ही निघा, दादा. तुमची लेकरं वाट बघतात."

सुतारमामा म्हणाले, "तुमचं लेकरूही वाट बघतंय की. आपली एम्बसी बसऱ्याला गेली ना? मग आपणही बसऱ्याला जाऊ. वाटेवरच आहे."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. कुवेतहून बसरा दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. रस्त्याच्या कडेला चाके काढून नेलेल्या मोटारी उभ्या होत्या. सफवानची हद्द ओलांडली आणि पुढे खजुरीची झाडे दिसू लागली. खजूर पिकण्याचे दिवस होते. पण पुष्कळ झाडांना शेंडेच नव्हते. इराण-इराक युद्ध १९८८ साली थांबले होते आणि बसऱ्याच्या भिंतींवर गोळ्यांची भोके तशीच होती. ज्या गावाने आठ वर्षे लढाई सोसली, त्याच्यापुढे आता दुसरी लढाई उभी होती. चहावाल्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. गरीब माणूस सगळीकडे सारखाच.

वकिलातीच्या लोकांनी ताईंना विचारले, भारतीय असल्याचा काही पुरावा? ताईंनी मुलीचे पत्र पुढे केले. निळ्या एअरोग्रामवर ताईंचे नाव, कुवेतचा पत्ता, मागे मुंबईचा पत्ता आणि टपालाचा शिक्का. अधिकाऱ्याने ते उलटसुलट पाहिले. गाव कोणते, तालुका कोणता, रेशनचे दुकान कुठल्या रस्त्यावर, मुलगी कुठल्या शाळेत, असे प्रश्न विचारले. आम्ही पाचही जणांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी दाखला हातात पडला. ताईंना सही येत नव्हती, अंगठा उठवला. मग तो कागद त्यांनी पत्राच्या घडीत घातला आणि पत्र पोलक्यात ठेवले.

बसऱ्याहून बगदाद साडेपाचशे किलोमीटर, आणि बगदादहून अम्मान नऊशेच्या आसपास. या दुसऱ्या टप्प्यात हिरवे म्हणून काही दिसत नाही. जॉर्डनच्या हद्दीवर रुवेशिदच्या अलीकडे वाळवंटात तंबूंची गावे उभी राहिली होती. आम्ही तिथे सहा रात्री काढल्या. दिवसा तंबूत भाजून निघायचे आणि रात्री थंडीने कुडकुडायचे. पाण्याचा टँकर आला की सगळे धावत. बांगलादेशी, श्रीलंकेचे, फिलिपिनो, इजिप्तचे, सुदानचे, सगळे कामगार एकाच रांगेत पावासाठी उभे. लहानशा जॉर्डनने लाखो परक्यांना वाट दिली, हे विसरता येत नाही.

तिथेच एक गोष्ट लक्षात आली. तंबूत सगळे सारखे भुकेले, पण सुटका ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे. ज्यांचे सरकार विमान पाठवी, ते पुढे सरकत. ज्यांच्या देशाला विमाने परवडत नव्हती, ते मागे राहत. आमच्या शेजारच्या तंबूतल्या श्रीलंकेच्या मुली आम्ही निघालो तेव्हाही तिथेच होत्या. ताईंनी आपली चादर त्यांना दिली.

अम्मानहून एअर इंडियाची विमाने १३ ऑगस्टपासून सुरू होती. सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि एक लाख अकरा हजारांच्या वर माणसे मायदेशी आली. नागरी विमानांनी एवढी माणसे हलवल्याचा तो जागतिक विक्रम ठरला. विमानतळाच्या खिडकीपाशी ताईंचा कागद पाहिला गेला, शिक्का बसला. सहारला पहाटे उतरलो. ताईंची मुलगी आजीचा हात धरून बाहेर उभी होती, रोज विमाने उतरायच्या वेळी येऊन उभी राहत होती. आम्हाला ओळखत नसताना तिने आम्हा पाचांच्या पाया पडून घेतले.

कागदाची कथा मात्र इथे संपत नाही. युद्ध १९९१ च्या फेब्रुवारीत संपले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी इराककडून भरपाई देण्यासाठी आयोग नेमला. कुवेत सोडून यावे लागलेल्या प्रत्येकाला ठरावीक रक्कम होती. फक्त तेवढ्यावरच समाधान मानणाऱ्यास ४,००० डॉलर, आणखी दावे करणाऱ्यास २,५०० डॉलर. पण तेव्हा कुवेतमध्ये होतो, त्या काळात बाहेर पडलो, हे दाखवावे लागे. ताईंचा दाखला शिक्क्यांसह शाबूत होता. आमच्या स्वयंपाक्याने घरी येताच रागाने सगळे कागद फाडून टाकले होते. त्याचा दावा किती तरी लांबला. पैसे यायला सगळ्यांनाच वर्षे लागली. ताईंच्या त्या पैशांतून मुलीचे नर्सिंगचे शिक्षण झाले.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण वकिलातींची दारे आजही बंद होतात. युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा १३ मार्च २०२२ रोजी आपली कीवची वकिलात पोलंडमध्ये वॉर्सा येथे हलवावी लागली. ती मे महिन्यात परत कीवला गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई सुरू झाली. खार्टूममधल्या पाश्चात्त्य देशांच्या वकिलाती घाईने बंद झाल्या. व्हिसासाठी अर्ज केलेल्या सुदानी लोकांचे पासपोर्ट आतच अडकले. अमेरिकेच्या वकिलातीने तर ते चुकीच्या हाती पडू नयेत म्हणून नष्ट केले. बाहेर गोळीबार, आणि हातात पासपोर्ट नाही. त्या लोकांचे हाल वाचताना आम्हाला मालकाचे लोखंडी कपाटच दिसत होते.

म्हणून आयाबहिणींनो, घरचा माणूस परदेशी कामाला निघाला तर डब्यात लोणचे जरूर घाला, पण त्याआधी हे करा. पासपोर्टाच्या सर्व पानांच्या, व्हिसाच्या आणि कराराच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच घरी, एक त्याच्या बॅगेत. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन भिंतीवर लिहून ठेवा. पोचल्यावर तिथे नाव नोंदवायला सांगा. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, कोणा मालकाच्या नव्हे, हे त्याला समजावून सांगा. अडचणीत सापडलेल्यांसाठी २००९ पासून वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. मदत मागायला लाजू नये.

सुतारमामांचा नातू हसला. म्हणाला, "आजोबा, आता सगळं मोबाईलमध्ये असतं."

"असेल," सुतारमामा म्हणाले, "पण २ ऑगस्टला आमचे फोनही बंद पडले होते."

तेवढ्यात ताई आत आल्या. आता त्या वयाने वाकल्या आहेत. आल्या त्या पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढून त्यांनी मुलाच्या हातात दिली. आत निळे पत्र होते आणि पत्रात तो दाखला. शाई फिकी झाली आहे, अंगठा अजून स्पष्ट दिसतो.

मुलाने तो बराच वेळ पाहिला. मग काही न बोलता उठला, आपला पासपोर्ट घेतला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाला.