वॉबल

जुनी फोर व्हील जीप वॉबल मारते म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच कळतं. ताशी 45-50 किलोमीटरचा वेग असतो, पुढचं एक चाक साध्याशा खड्ड्यात आपटतं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे थडथडायला लागतात. स्टेअरिंगला हिसके बसतात, ते हातात धरवत नाही, अख्खं बॉनेट हलतं. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत वेग उतरवावा तेव्हा कुठे ते शमतं. पुन्हा निघालं की गाडी शहाण्यासारखी सरळ चालते. आमची महिंद्रा एमएम 540 गेल्या उन्हाळ्यात गडहिंग्लजच्या रस्त्यावर असं करायला लागली.

ही जीप आम्ही हौस म्हणून ठेवलेली नाही. आजऱ्यापासून आत आमचं घर आहे. खाली घनसाळ भाताची खाचरं, वर उतारावर काजू. वरच्या बागेत जाणारी वाट तांबड्या मातीची आहे. जूनमध्ये तिचा असा राडा होतो की साधी पिकअप पहिल्याच वळणावर बसते. जीप मात्र फोर लो गिअर टाकला की रांगत, पण न थांबता वर जाते. इंजिन 2112 सीसीचं प्यूजो डिझेल. परवाना फ्रान्सचा, पण असली इंजिनं महिंद्राने आपल्या इगतपुरीत बनवली. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते दिसतं आणि तिथवर हात पोचतो. डिझेलमध्ये हवा शिरून गाडी बंद पडली तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं आणि बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की आवळायचा. डिसेंबरातल्या सकाळी उठायला कुरकुर करायला लागली तर हिटरची पट्टी काढून एकेक हिटर टेस्ट लॅम्पने बघायचा, दिवा लागत नाही तो गेलेला. मी हे सगळं घरच्या पडवीत करते. शिकले ते गडहिंग्लजच्या आमच्या मिस्त्रींकडून.

वॉबलवर एका गॅरेजमध्ये उपाय सांगितला तो स्टेअरिंग डॅम्पर बसवण्याचा. म्हणजे आडवा शॉकअॅब्सॉर्बर. तो बसवला की थडथड बऱ्यापैकी कमी होते, हे खरं. पण ती ज्यामुळे सुरू झाली ते तसंच राहतं आणि आत झिजत जातं. घाटात चालवायच्या गाडीत दुखणं झाकून ठेवायचं, हे मला पटत नाही. मी मिस्त्रींना फोन लावला.

"वैनी, वॉबल एका जागी नसतंय," ते म्हणाले. "चार जागचा थोडा थोडा ढिलेपणा एक होतोय. स्टेअरिंग बॉक्स आवळू नका आधी. चाकापासनं आत बघत या."

तसंच केलं. जॅकवर चढवून गाडी घोड्यांवर घेतली. इथे एक सांगायलाच हवं. आमच्याकडे हाताशी जांभ्याचे चिरे असतात आणि लोक सर्रास तेच गाडीखाली लावतात. जांभा वजनाखाली अचानक फुटतो. नुसत्या जॅकवर आणि चिऱ्यावर असलेल्या गाडीखाली कुणी म्हणजे कुणीच शिरू नये. लोखंडी घोड्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय खाली जायचं नाही.

आधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. वॉबल थोडं उशिरा यायला लागलं, गेलं नाही. मग चाक वर-खाली धरून हलवलं, हब बेअरिंगला किंचित खेळ होता. हब उघडून बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, नवं ग्रीस तळव्यावर घेऊन रोलरमधून आरपार निघेपर्यंत दाबून भरलं, नट चाक फिरवत फिरवत आवळला आणि मग जरासा मागे घेतला. टायरॉडच्या चार टोकांपैकी दोन गेलेली होती, ती बदलली. पाट्यांच्या शॅकलचे बुश एका बाजूने खाल्ले होते. तेही बदलले आणि यू-बोल्ट आवळले.

खरी गोम होती किंगपिनमध्ये. या जीपच्या पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो आणि त्याच्या वर-खाली दोन बेअरिंगांवर चाक वळतं. बेअरिंगवर किती दाब असावा ते टोपणाखालच्या शिमवर ठरतं. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. वर्षानुवर्षं बेअरिंग झिजतं, दाब कमी होतो आणि चाक स्वतःच्या अंगाने डुलायला मोकळं होतं. आमच्या गोळ्याचं फेल्ट सील तर कधीच कुजून गेलं होतं. आत ग्रीसच्या जागी तांबड्या मातीचा लगदा होता. बेअरिंगच्या वाटीत बोट फिरवलं तर रोलरागणिक एक खाच नखाला लागत होती. सरळ जाताना चाक ज्या जागी राहतं, नेमकं तिथेच रोलर रुतून बसले होते.

नवी बेअरिंगं कोल्हापुरात मिळाली. डाव्या बाजूच्या टोपणाची बैठक झिजली होती. ती उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने भरून, टर्निंग करून दिली. कोल्हापूर जवळ असण्याचं हे सुख आहे. जिथे ऑइल इंजिनं घडवत पिढ्या गेल्या, तिथे नग हातात घेतल्यावर कारागीर तो बघूनच विचारतो, "कितीचं क्लिअरन्स ठेवू?"

शिम बसवताना दाब मोजायला मिस्त्रींनी युक्ती सांगितली होती. टायरॉड सोडवून ठेवायचा, काजूची पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा स्टेअरिंग आर्मच्या भोकात अडकवायचा आणि सावकाश ओढायचा. चाकाचा भाग वळायला लागतो तेव्हा काटा किती वजन दाखवतो ते बघायचं. कमी दाखवलं तर शिम काढायची, जास्त दाखवलं तर घालायची. शिमा वर आणि खाली सारख्या जाडीच्या, नाहीतर गोळा मधोमध राहत नाही. माझा पुतण्या काटा वाचायचा आणि मी शिमा बदलायचे. "काकू, अजून हलकं आहे," असं त्याचं चाललेलं. दोन्ही बाजू सारख्या आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण हात लावल्यावर फरक कळत होता. आधी चाक लगेच लोंबकळत वळायचं, आता ते जड आणि एकसारखं वळत होतं.

शेवटी टो-इन. त्याला यंत्र लागत नाही. चाक उचलून फिरवायचं आणि टायरच्या मधोमध खिळा टेकवून रेघ पाडायची. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलायची. मग अॅक्सलच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर मागच्या बाजूने मोजायचं, गाडी अर्धं चाक पुढे नेऊन तेच अंतर पुढच्या बाजूने मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. जुन्या विलीज जीपच्या पुस्तकात हा फरक 3/64 ते 3/32 इंच दिलेला असतो आणि आमच्या जीपचा सांगाडा त्याच घराण्यातला आहे. फरक त्यात बसेपर्यंत टायरॉड फिरवला.

वॉबल गेलं. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांवरून मुद्दाम नेऊन बघितलं. डॅम्पर लावलेला नाही.

या कामात एक गोष्ट मनावर घेतली. किंगपिनमध्ये माती शिरली ती बागेच्या वाटेवरच्या ओढ्यातून. बागेत चढून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. अॅक्सलचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर तो अॅक्सल सीलमधूनच पाणी आत ओढून घेतो. म्हणून आता पावसाळ्यात ब्रीदर काडीने मोकळा करणं ठरलेलं आहे, आणि ओढा फार खोल झाला असेल त्या आठवड्यात डिफरन्शिअलचा प्लग उघडून तेलात बोट बुडवून बघते. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि टायरॉड यांच्या निपलांना ग्रीस गनने ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. डांबरी रस्ता लागला की फोर व्हील काढायचं, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असताना तो सगळा ताण ट्रान्स्फर केसच्या गिअरवर आणि क्रॉसवर जातो. मिस्त्रींचं हे सांगणं गावातल्या प्रत्येक जीपवाल्याने ऐकावं असं मला वाटतं, कारण ट्रान्स्फर केस उघडायची वेळ आली तर ते काम पडवीत होत नाही.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाला न्यावी लागते. पुढची तारीख जवळ आली आहे. त्याआधी ट्रान्स्फर केसचं मागचं ऑइल सील बदलायचं आहे, तिथून थेंब पडतात. सील आणून ठेवलं आहे. पण ते ज्या योकवर बसतं त्याला सीलची धार लागून खोबण पडली आहे. तिथे पातळ स्लीव्ह चढवायची की योकच बदलायचा, हे मिस्त्रींनी बघून सांगितल्यावर ठरेल. पेरणी उरकली की ते येतो म्हणालेत.